ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळातले क्राफ्टिंग कसे सुधारावे: होडी, काथ्या आणि मिठाच्या हिशोबासकट

खेळाडू क्राफ्टिंगकडे, म्हणजे कच्च्या मालापासून खेळातल्या वस्तू बनवण्याकडे, फिरकत नाहीत अशी तक्रार आली की बहुतेक टीम आधी नव्या रेसिपी (कुठल्या मालापासून कुठली वस्तू बनते त्याच्या कृती) काढतात. ८० होत्या त्या १४० होतात आणि महिन्याभरात गोदामे पुन्हा न खपलेल्या वस्तूंनी भरतात. दुखणे सहसा दुसरीकडे असते: वस्तू खेळात येते, पण खेळातून जात नाही. ज्या वस्तूची कुणाला गरज उरलेली नाही, ती बनवण्याची कृती कितीही देखणी केली तरी कारागीर टिकत नाही. म्हणून इथे वस्तू बनण्याइतकाच भर ती संपण्यावर दिला आहे.

उदाहरणासाठी एक खेळ धरू. गोव्यातल्या मांडवी नदीच्या काठावर घडणारा, मोबाइलवर चालणारा, दिवसाला १,००० खेळाडू येणारा. त्यात होडी बांधणारे मेस्त आहेत, काथ्या वळणारे आहेत, मिठागरवाले आहेत. पणजी, मडगाव किंवा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली चार-पाच जणांची टीम सांभाळू शकेल एवढाच त्याचा आवाका आहे. खेळाचे आकडे नमुन्याचे आहेत, हिशोबाची रीत मात्र कुठल्याही खेळाला चालते.

आधी नोंदी, मग बदल

कुठलीही रेसिपी बदलण्याआधी सलग १४ दिवसांच्या नोंदी हातात हव्यात. सात दिवस पुरत नाहीत, कारण एका शनिवार-रविवारी एखादा इव्हेंट असला तर चित्र बिघडते. दोन आठवडे असले की नेहमीचे काय आणि अपवाद कुठला हे कळते. क्राफ्टिंगच्या प्रत्येक घटनेमागे इतके तरी साठवा: खेळाडूचा आयडी, रेसिपीचा आयडी आणि तिची आवृत्ती, नेमका कुठला माल खर्ची पडला, काय बनले, कुठल्या दर्जाचे बनले, सर्व्हरची वेळ आणि विनंतीचा क्रमांक. आवृत्ती बरेच जण गाळतात. मग रेसिपी दोनदा बदलल्यावर जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींत मिसळतात आणि तुलनाच करता येत नाही.

नोंदी जमल्या की पुढचे प्रश्न विचारा. या १४ दिवसांत एकदाही न वापरलेल्या रेसिपी किती? प्रत्येक वस्तू रोज किती बनते आणि किती नाहीशी होते? बनलेल्या वस्तूचे पुढे काय होते: कुणी वापरते, दुसऱ्या खेळाडूला विकते, खेळातल्या दुकानदाराला कवडीमोलाने देते, की ती पेटीत पडून राहते? आणि निव्वळ कौशल्याची पातळी चढवायला बनवलेल्या वस्तूंचा वाटा किती? हा शेवटचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला, तर तुमच्या खेळात क्राफ्टिंग नाही, नुसती पातळी भरायची हमाली आहे. अशा वेळी अनुभवाचे गुण वस्तू बनवल्यावर न देता ती वस्तू दुसऱ्याने वापरल्यावर द्या. एवढ्या एका बदलाने निरुपयोगी वस्तूंचा ढीग लागणे बरेचसे थांबते.

रेसिपींचा नकाशा आणि फुकटची चक्रे

आता सगळ्या रेसिपी एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. एका ओळीत एकच घटक: रेसिपी, घटक, नग, मिळणारी वस्तू, लागणारा वेळ, तोडल्यावर परत मिळणारा माल. मग कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंत बाण काढा. ज्या वस्तूकडून पुढे एकही बाण जात नाही आणि जी खेळाडू स्वतःही वापरत नाही, ती एकतर काढून टाका किंवा दुसऱ्या रेसिपीत घटक म्हणून बसवा.

या नकाशावर शोधायची सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे माल आपोआप वाढवणारे चक्र. आपल्या खेळातली होडी घ्या: फळ्या ४०, काथ्याची दोरी २५, राळ ६, तेल ४. (काथ्याने फळ्या शिवायची रीत आजही जिवंत आहे. ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे असे शिवलेले जहाज गोव्यातच बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले.) होडी तोडली की ६० टक्के माल परत मिळतो, म्हणजे २४ फळ्या. ४० देऊन २४ परत, यात वावगे काही दिसत नाही. आता मुरलेल्या मेस्ताचे दोन फायदे त्यात मिळवा: २५ टक्के माल वाचतो आणि ३० टक्के वेळा एकाऐवजी दोन होड्या बनतात. खर्च झाला ३० फळ्यांचा. सरासरीने हाती आल्या १.३ होड्या, त्या तोडल्यावर १.३ गुणिले २४ म्हणजे ३१.२ फळ्या. दर फेरीला १.२ फळ्या फुकट. हे एका खेळाडूला कळले की रात्रभरात बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) लागतात आणि आठवड्याच्या आत फळीला भाव उरत नाही.

उपाय असा. तोडताना परत द्यायचा माल रेसिपीवरून मोजू नका, त्या वस्तूत खरोखर गेलेल्या मालावरून मोजा. प्रत्येक वस्तूवर तिच्यात गेलेल्या मालाची नोंद ठेवा आणि फुकट मिळालेल्या दुसऱ्या होडीवर ती शून्य लिहा. मग ३० फळ्यांच्या होडीतून १८ परत येतात, दुसरीतून काहीच नाही, आणि चक्र बंद पडते. पूर्णांक करतानाही जपा. दोन खिळ्यांचे ६० टक्के म्हणजे १.२, तो आकडा वर ढकलला तर दोनही खिळे परत जातात. पूर्णांक नेहमी खालीच करा.

दुसरे चक्र दुकानदाराचे. खेळातला दुकानदार कच्चा माल ठरावीक भावाने विकत असेल आणि तयार वस्तूही ठरावीक भावाने घेत असेल, तर सगळ्या सवलती धरून वस्तूचा कमीत कमी खर्च काढा. दुकानदाराचा खरेदीभाव त्याखालीच हवा. नवी सवलत आली की हा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. नेमका तोच राहून जातो.

वस्तू संपायला हवी

आता मुख्य काम. प्रत्येक टिकाऊ वस्तूचे आयुष्य आकड्यात लिहा आणि त्यावरून रोजची मागणी काढा.

होडीचा टिकाऊपणा १२० फेऱ्यांचा आहे. दुरुस्ती करता येते, पण दर दुरुस्तीला कमाल मर्यादा २० ने उतरते. म्हणजे एका होडीचे सारे आयुष्य १२० + १०० + ८० + ६० + ४० + २० = ४२० फेऱ्या, मधे पाच दुरुस्त्या. १,००० खेळाडू दिवसाला सरासरी चार फेऱ्या मारतात, म्हणजे ४,००० फेऱ्या. ४,००० भागिले ४२०, उत्तर साडेनऊ. सगळ्या खेळाला दिवसाला साडेनऊ नव्या होड्या पुरतात! समजा होडी बांधू शकणारे १५० मेस्त आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला दोन बांधू शकतो. पुरवठा झाला ३०० चा. असा बाजार पहिल्याच आठवड्यात कोसळणार. तुम्ही होडीला नवे रंग द्या, नवी शिडे द्या, काही फरक पडणार नाही.

इथे आयुष्य ४२० वरून ४० वर आणायचा मोह होतो. ते करू नका. कष्टाने घेतलेली होडी दहा दिवसांत फुटली की मासे पकडणारा खेळाडू चिडतो, आणि संख्येने तोच जास्त असतो. त्यापेक्षा मेस्ताची रोजची कमाई होडीवरून काढून तिच्या निगेवर न्या. दर फेरीला काथ्याची एक जुडी खर्ची पडू द्या: रोज ४,००० जुड्यांची मागणी झाली. दुरुस्तीला लागणारे तेल-राळीचे भांडे कारागिरानेच बनवलेले हवे: दिवसाला सुमारे ४८ दुरुस्त्या, प्रत्येकीला तीन भांडी, म्हणजे जवळपास १४४ भांडी. पकडलेली मासळी खारवायला मीठ लागू द्या. आता काथ्यावाला, मेस्त आणि मिठागरवाला या तिघांनाही रोज गिऱ्हाईक आहे आणि होडी हा अधूनमधून होणारा मोठा सौदा आहे. खपणारा माल रोजचा, टिकाऊ माल कधीतरी, हे प्रमाण जमले की अर्धी लढाई जिंकली.

२००३ मध्ये सुरू झालेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला खेळ इतकी वर्षे चालण्यामागे हेच एक मोठे कारण आहे. तिथली बहुतेक जहाजे खेळाडूच बांधतात, आणि लढाईत जहाज फुटले की मालकाचे ते गेलेच. त्यामुळे बांधणाऱ्याचे काम संपत नाही. तुमच्या खेळात इतके कडक नुकसान शोभत नसेल तर वापरायला घेतलेली वस्तू खेळाडूला कायमची जोडून टाका. ती खेळातून जात नाही, पण बाजारातून जाते, आणि कारागिराच्या दृष्टीने तेवढे पुरते.

अपयशाची टक्केवारी

वीस टक्के यश म्हणजे सरासरी पाच प्रयत्न, असे डिझायनर कागदावर लिहितो. पण लागोपाठ दहा वेळा अपयश येण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे १०.७ टक्के. हजारांतले १०७ जण दहाही वेळा हात चोळत बसतात आणि अकरा-बारा जण लागोपाठ २० वेळा. सरासरी त्यांना कुणी सांगत नाही. ते खेळ सोडतात, आणि जाताना सर्व्हर लबाड आहे असे चार जणांना सांगून जातात.

त्याऐवजी चढती शक्यता ठेवा. पहिल्या प्रयत्नाला ५ टक्के, दर अपयशाला आणखी ५, यश आले की पुन्हा ५ वर. सरासरी ५.३ प्रयत्न पडतात, म्हणजे तुमच्या मालाचा हिशोब जवळपास तोच राहतो. पण दहा वेळा लागोपाठ अपयश १०.७ वरून ३.३ टक्क्यांवर येते आणि विसाव्या प्रयत्नाला यश ठरलेलेच. हा आकडा खेळाडूला पडद्यावर दिसू द्या. लपवला तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

मोजणी सर्व्हरवर ठेवा, लॉगआउट झाल्यावरही टिकवा, आणि ती त्या-त्या रेसिपीलाच बांधा. सगळ्या रेसिपींना एकच मोजणी ठेवली तर लोक स्वस्त दोरी बिघडवून शक्यता चढवतात आणि मग महागडी होडी बांधायला घेतात.

दर्जा कुठून यावा

दर्जा निव्वळ नशिबावर सोडला की कारागिराचे ज्ञान बिनकामाचे होते. दर्जा मालातून येऊ द्या. २००३ च्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये कच्च्या मालाचे गुणधर्म आकड्यांत असत आणि खाणींतला माल अधूनमधून बदलत असे. चांगला साठा कुठे लागला हे ठाऊक असणे हीच तिथे कारागिराची पत होती. आपल्या खेळात काथ्याला दोन गुण द्या, मजबुती आणि खारे पाणी सोसण्याची ताकद. दोरीचा दर्जा = ०.६ गुणिले मजबुती + ०.४ गुणिले सोसण्याची ताकद. दर फेरीला लागणाऱ्या जुडीसाठी हेच वजन उलटे करा. मग एकच माल सगळ्यांत उत्तम असे राहत नाही आणि दोन काथ्यावाले दोन प्रकारचा माल साठवू लागतात.

यात एक खड्डा आहे. गुण १ ते १००० असे ठेवले तर प्रत्येक खेपेचा काथ्या वेगळा ठरतो आणि खेळाडूच्या पेटीत २०० वेगवेगळे ढीग जमतात. फोनच्या पडद्यावर ते असह्य होते, डेटाबेसही फुगतो. म्हणून प्रत्येक गुणाच्या पाचच पायऱ्या करा. दोन गुण, पाच-पाच पायऱ्या, जास्तीत जास्त २५ प्रकारचे ढीग. तेवढे झेपते.

गोव्यातला खेळ म्हटल्यावर हंगाम आलाच. इथल्या यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. मिठागरे कोरड्या दिवसांतच चालतात. काजू मार्च ते मेच्या सुमारास. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घातल्याशिवाय त्यांतून चांगला काथ्या सुटत नाही. ही सगळी क्राफ्टिंगला आयती मिळालेली रचना आहे आणि ती वापरावी. पण खरे महिने जसेच्या तसे आणू नका. खेळाचे वर्ष ५६ दिवसांचे धरा, चार हंगाम १४-१४ दिवसांचे. मग नोकरी सांभाळून फक्त शनिवार-रविवारी खेळणाऱ्यालाही प्रत्येक हंगामाचे दोन आठवडाअखेर मिळतात. कुजवण्याला खरे २० तास द्या, खेळाडू ऑफलाइन असतानाही चालणारे. आणि मिठाची साठवण मर्यादित ठेवा, नाहीतर चार श्रीमंत खेळाडू हंगामात सगळे मीठ उचलतील आणि पावसात भाव ठरवतील.

पडद्यावर

काथ्याच्या ५० जुड्या बनवायला ५० वेळा बटण दाबायला लावणे म्हणजे खेळाडूचा अपमान आहे. नग लिहायची सोय द्या, पेटीतला माल थेट वापरू द्या, काय कमी पडते आणि ते कुठे मिळेल हे त्याच पडद्यावर दाखवा. बनण्याआधी दर्जाची कमाल-किमान मर्यादा दिसली पाहिजे.

हाताने खेळायची क्राफ्टिंग हवी असेल तर ती मोठ्या वस्तूंपुरतीच ठेवा. ‘फायनल फँटसी १४’मध्ये प्रगती, दर्जा आणि टिकाऊपणा सांभाळत पायरीपायरीने वस्तू बनवावी लागते आणि ते रंगतदारही आहे. पण तिथेही रोजच्या मालासाठी लोक मॅक्रो (ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या आज्ञा) लावतातच.

सर्व्हर: एकदाच, पूर्ण, किंवा मुळीच नाही

पावसाळ्यात लाइट जाते, टॉवर बंद पडतो, खेळाडू तेच बटण पुन्हा दाबतो. यातून दोन दुखणी उद्भवतात: माल दोनदा कापला जातो, किंवा वस्तू दोनदा मिळते. पहिल्याने खेळाडू जातो, दुसऱ्याने अर्थव्यवस्था.

क्रम असा ठेवा. बटण दाबताच फोनने एक अद्वितीय विनंती-क्रमांक तयार करावा आणि पुन्हा पाठवतानाही तोच पाठवावा. सर्व्हरने तो क्रमांक आधी आला आहे का ते पाहावे, आला असेल तर जुनाच निकाल परत द्यावा. क्रमांक निदान २४ तास साठवा, आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा लिहू न देणारी अट) असू द्या, म्हणजे एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांतली एक आपोआप नाकारली जाईल. नंतर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही अशा एका व्यवहारात, सगळे: माल कापणे, निकाल ठरवणे, वस्तू लिहिणे, अपयशाची मोजणी बदलणे, नोंदवहीत ओळ घालणे. माल कापताना ‘शिल्लक लागणाऱ्या नगांइतकी किंवा जास्त असेल तरच कापा’ अशी अट त्याच आज्ञेत घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य ओळी बदलल्या तर ट्रान्झॅक्शन मागे घ्या. आधी शिल्लक वाचून मग वेगळ्या आज्ञेने कापले तर मधल्या क्षणात दुसरी विनंती घुसते. अनेक घटकांवर कुलूप लागते तेव्हा ते नेहमी आयडीच्या चढत्या क्रमाने घ्या, नाहीतर दोन विनंत्या एकमेकींसाठी अडून बसतात.

वेळ लागणाऱ्या क्राफ्टिंगसाठी टायमर चालवत ठेवू नका, ‘पूर्ण होण्याची वेळ’ लिहून ठेवा आणि खेळाडू आला की सर्व्हरच्या घड्याळाशी ताडून पाहा. फोनच्या घड्याळावर कधीच विसंबू नका. निकाल सुरुवातीलाच ठरवून साठवा आणि सुरुवात झाल्यावर रद्द करून माल परत द्यायची सोय ठेवू नका. ती ठेवली आणि ॲनिमेशन चालू असतानाच निकाल फोनवर पोचत असला, तर लोक वाईट निकाल दिसताच रद्द करतील आणि चांगला येईपर्यंत नव्याने सुरू करत राहतील.

दर रात्री मेळ घाला: आरंभीची शिल्लक + बनलेले − संपलेले = सगळ्या पेट्या, बाजार आणि टपाल मिळून असलेले नग. एका फळीचाही फरक पडला तरी सकाळी शोध घ्या. वस्तूंची नक्कल करण्याची पळवाट बहुधा इथेच प्रथम दिसते.

बाजार

एका क्लिकवर सगळे जग दिसणारा लिलावबाजार सोयीचा असतो, पण तो भाव तळाला नेतो आणि कारागिराला निनावी करतो. ‘डायब्लो ३’ या खेळाने तर मार्च २०१४ मध्ये आपला लिलावबाजार बंदच केला, कारण वस्तू मिळवण्याचा मूळ आनंदच त्याने खाल्ला होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखे गावोगावचे वेगळे बाजार ठेवले की मडगावात एक भाव, डिचोलीत दुसरा, आणि मधे माल वाहून नेणाऱ्यालाही काम मिळते. ‘अल्बियन ऑनलाइन’मध्ये शहरांचे बाजार असे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक शहराला ठरावीक मालावर प्रक्रिया करण्याचा जादा फायदा आहे.

यासोबत मागणीपत्राची सोय जरूर करा. गिऱ्हाईक आपला माल देते, किमान दर्जा लिहिते, मजुरी ठरवते, कारागीर बनवून देतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्तारात हीच सोय आणली. माल आणि मजुरी दोन्ही काम संपेपर्यंत सर्व्हरकडे अनामत राहू द्या, दर्जा कमी आला तर काय हे आधीच लिहा, आणि वस्तूवर कारागिराचे नाव कोरा. नावाने गिऱ्हाईक पुन्हा येते.

खऱ्या पैशांचा विषय वेगळा आहे. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. रुपये भरून नशिबाने वस्तू, आणि ती पुन्हा रुपयांत विकता येणे, या वाटेला वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नका. खरे तर जाऊच नका.

बदल लागू करताना

आधी एक साधी स्क्रिप्ट लिहा: १,००० बनावट खेळाडू, खेळाची दोन वर्षे म्हणजे ११२ दिवस, नवे आकडे. गोदामातला साठा सतत चढत असेल तर वस्तू संपण्याच्या वाटा कमी आहेत. शून्यावर टेकत असेल तर नवे खेळाडू अडकतील. मग चाचणी सर्व्हर, मग खरा.

एका वेळी एकाच साखळीला हात लावा: आधी काथ्या, दोन आठवड्यांनी होडी. दोन्ही एकदम बदलले आणि भाव पडला तर कशाने पडला हे सांगता येणार नाही. रेसिपी महाग होणार अशी घोषणा आठवडाभर आधी केली तर लोक जुन्या भावाने साठा करतात, म्हणून दिशा आधी सांगा आणि नेमके आकडे बदलाच्या दिवशीच. लोकांच्या हातातल्या जुन्या होड्यांचे आकडे मात्र गुपचूप उतरवू नका. त्यांना जुन्या आवृत्तीचेच आयुष्य राहू द्या, फक्त पुढच्या दुरुस्त्या नव्या नियमाने. पहिले ७२ तास नोंदी तासातासाने पाहा, आणि रेसिपीची जुनी आवृत्ती एका स्विचने परत आणता येईल अशी तयार ठेवा. त्या स्विचची तालीम चाचणी सर्व्हरवर आधीच झालेली हवी.